अनंताच्या नादी लागलं की माणूस वेडा होतो म्हणे!

आडवी रेघ (धागाकर्ता)

सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. जॉर्ज कँटोर नावाचा गणितज्ञ अनंत मोजायला निघाला आणि वेड्यांच्या इस्पितळात मेला. खाली कुर्ट गोडेल या तर्कशास्त्रज्ञाचं नाव, तो उपाशी मेला. शेवटी तात्पर्य की देवाच्या प्रांतात माणसाने नाक खुपसू नये, आणि हात जोडलेली इमोजी.

यातली सुटी वाक्यं बरीचशी खरी आहेत. कँटोर ६ जानेवारी १९१८ रोजी जर्मनीतल्या हाले गावच्या मनोरुग्णालयात वारला. गोडेलही खरोखरच अन्न न घेतल्यामुळे गेला. माझा आक्षेप ती वाक्यं एका दोरीत ओवण्याला आहे.

कँटोरचा हिशोब मांडू. जन्म १८४५, सेंट पीटर्सबर्ग. वडील व्यापारी, आईकडचं घराणं वादकांचं, पोरगाही व्हायोलिन उत्तम वाजवायचा. १८५६ मध्ये कुटुंब जर्मनीत आलं. शिक्षण बर्लिनला, वायरश्ट्रास, कुमर आणि क्रोनेकर अशा दिग्गजांच्या हाताखाली. १८६९ मध्ये हालेच्या विद्यापीठात लागला. बर्लिनहून कधीतरी बोलावणं येईल म्हणून वाट बघत राहिला, ते आलंच नाही.

२९ नोव्हेंबर १८७३ ला त्याने गणितज्ञ रिचर्ड डेडेकिंडला पत्र लिहून विचारलं: १, २, ३... या संख्या आणि रेषेवरच्या सगळ्या संख्या यांच्या एकास एक जोड्या लावता येतील का? डेडेकिंडला उत्तर माहीत नव्हतं. ७ डिसेंबरला कँटोरकडे सिद्धता तयार होती: लावता येत नाहीत. अनंत एकाच आकाराचं नसतं हे जगात पहिल्यांदा त्या आठवड्यात सिद्ध झालं. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी निबंध छापून आला आणि वॅली गुटमनशी लग्नही झालं. मुलं सहा.

आता आजारपण बघा. पहिला मोठा झटका मे १८८४ चा, म्हणजे शोधानंतर दहा वर्षांनी. महिनाभरात तो सावरला. त्यानंतरची पंधरा वर्षं तो नुसता कामात होता असं नाही, संस्था उभारत होता. १८९० मध्ये जर्मन गणितज्ञांची संघटना स्थापन झाली, पहिला अध्यक्ष हाच. १८९१ मध्ये आज पुस्तकात असते ती कर्णाची (तिरक्या रेषेची, डायगोनल) सिद्धता. १८९५ आणि १८९७ मध्ये संचसिद्धान्तावरचे (सेट थिअरी) दोन मोठे निबंध. इस्पितळाच्या वाऱ्या सुरू झाल्या त्या १८९९ पासून, मोठं गणित हातावेगळं झाल्यावर. अनंताने वेड लागायचं असतं तर या वेळापत्रकात काहीतरी गडबड आहे.

बाकी शून्य

मुळात शंका. अनंत म्हणजे अनंत. त्यात धाकटं-थोरलं कसलं? कॉमर्सवाल्याला कळेल असं सांगा.

तिसरा कंस

@बाकी शून्य, पंगत आठवा. प्रत्येक पानावर एक माणूस बसलाय, एकही पान रिकामं नाही आणि कोणी उभं नाही. पानं किती, माणसं किती हे न मोजताही दोन्ही सारखीच आहेत हे कळतं. कँटोरने एवढंच केलं. मोजणं सोडलं, जोड्या लावल्या.

१, २, ३, ४... आणि २, ४, ६, ८... यांच्या जोड्या लागतात, १ ला २, २ ला ४. म्हणजे सम संख्या "निम्म्या" असूनही तेवढ्याच. अपूर्णांकांचीही यादी करता येते. पण ० ते १ मधल्या सगळ्या दशांश संख्यांची यादी करून दाखवा. समजा केलीत. आता पहिल्या संख्येचा पहिला अंक बघा, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा. तो ५ असेल तर मी ६ लिहिणार, ५ नसेल तर ५ लिहिणार. अशी जी संख्या तयार होईल ती तुमच्या यादीतल्या प्रत्येक संख्येपासून कुठेतरी एका अंकाने वेगळी आहे. म्हणजे ती यादीत नाहीच.

बाकी शून्य

मग तिला यादीत टाका की! शेवटी अनंत यादी आहे, एक जागा निघेल.

तिसरा कंस

टाका ना. नव्या यादीवर पुन्हा तीच युक्ती करतो, पुन्हा एक बाहेर राहते. तुम्ही टाकत राहा, मी काढत राहतो.

काटेकोर

०.४९९९... आणि ०.५००० या एकच संख्या आहेत. "अंकाने वेगळी म्हणून संख्याही वेगळी" हे तुमचं वाक्य तिथे गडगडतं.

तिसरा कंस

म्हणूनच फक्त ५ आणि ६ वापरले, काटेकोरराव. ० आणि ९ ला हातच लावला नाही.

काटेकोर

मान्य. एक भर घालतो. १८७४ ची सिद्धता ही नव्हे. तेव्हा त्याने एकात एक आवळत जाणारे अंतराल (रेषेचे तुकडे) वापरले होते. कर्णाची युक्ती १८९१ ची. आणि १८७४ च्या निबंधाचं शीर्षक बघा, त्यात बैजिक संख्यांचा (पूर्णांकांच्या समीकरणांची उत्तरं असलेल्या) उल्लेख आहे, खरा बाँब आत लपवलाय. बर्लिनच्या मंडळींना बिचकून.

गोदातीर

बिचकायला कारण होतं ना! क्रोनेकर. ज्याने शिकवलं तोच शत्रू झाला. कँटोरचे लेख अडवले, बर्लिनची दारं बंद केली, माणसाला छळून छळून आजारी पाडलं. फॉरवर्ड चुकीचा असेल, पण खलनायक तर आहेच.

आडवी रेघ

@गोदातीर, ही दुसरी लोककथा. क्रोनेकरला कँटोरचं गणित अजिबात मान्य नव्हतं हे खरं. पूर्णांकांपासून मोजक्या पायऱ्यांत जे बांधता येत नाही ते गणितच नव्हे असं त्याचं मत, आणि तो ते मोठ्याने सांगायचा. १८७७ मध्ये पाठवलेला निबंध छापायला उशीर झाला तेव्हा कँटोरला त्यातही क्रोनेकरच दिसला. पण १८८४ च्या आजारातून उठल्यावर कँटोरने स्वतःहून क्रोनेकरला समेटाचं पत्र लिहिलं. क्रोनेकरने सभ्य उत्तर दिलं, दोघे बर्लिनला भेटलेही. मतं बदलली नाहीत, पण गळाही कोणी धरला नाही. पुढे १८९१ मध्ये हालेला संघटनेची पहिली सभा भरली तेव्हा कँटोरने क्रोनेकरला भाषणाला बोलावलं होतं. क्रोनेकरची बायको डोंगरात अपघात होऊन गेली, म्हणून तो येऊ शकला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात तोही गेला. आणि हे बघा, कँटोरचे इस्पितळातले मोठे मुक्काम सगळे क्रोनेकरच्या मृत्यूनंतरचे आहेत.

बेल नावाच्या लेखकाने १९३७ च्या आपल्या गणितज्ञांच्या चरित्रसंग्रहात बाप, मुलगा, क्रोनेकर असा फ्रॉइडछाप मसाला घातला आणि तोच पुढे सगळीकडे वाढला गेला. १९७१ मध्ये गणिताचा इतिहासकार ग्रॅटन-गिनेसने पत्रं आणि इस्पितळाच्या नोंदी तपासून यातलं बरंच खोडून काढलं, पण मसाल्याला गिऱ्हाईक जास्त.

नाडीपरीक्षा

पेशाने मनोविकारतज्ञ आहे म्हणून लिहिते. मेलेल्या माणसाच्या पत्रांवरून निदान करणं हा आमच्या धंद्यातला आवडता अपराध, तरीही बोलते. महिनोन्महिने उत्साहाचा पूर, पत्रांवर पत्रं, भव्य योजना, मग अचानक खोल खिन्नता, मधल्या काळात माणूस ठणठणीत. हे चित्र आज आम्ही द्विध्रुवीय विकाराच्या रकान्यात टाकू. हा आजार गणिताने होत नाही. बँकेच्या कारकुनालाही होतो, पण त्याच्यावर फॉरवर्ड निघत नाही. भांडण किंवा घरातला मृत्यू झटक्याला निमित्त होऊ शकतात. आणि त्या काळी उपाय काय होता? विश्रांती. या आजारासाठी लिथियम वापरून बघणारा जॉन केड यायला १९४९ उजाडलं, तेही ऑस्ट्रेलियात.

"वेडा" हा शब्द धाग्याच्या नावातून काढता आला तर बघा.

आडवी रेघ

@नाडीपरीक्षा, नाव फॉरवर्डवाल्यांना चिमटा म्हणून ठेवलंय. राहू द्या, त्या निमित्ताने तुम्ही लिहिलंत.

उलटा प्रश्न

धागाकर्ते एका गोष्टीवरून घाईने पुढे गेले. रेषेवरच्या बिंदूंचं अनंत आणि १, २, ३ चं अनंत, या दोन्हींच्या मधे आणखी एखादं अनंत आहे का? कँटोरला खात्री होती की नाही. ऑगस्ट १८८४ मध्ये, म्हणजे पहिल्या झटक्यानंतर लगेच, त्याने स्वीडिश गणितज्ञ मित्ताग-लेफ्लरला कळवलं की सिद्ध केलं. नोव्हेंबरात कळवलं की उलटंच सिद्ध केलं. दुसऱ्या दिवशी तेही मागे घेतलं. हा माणूस प्रश्नाने छळला गेला नाही असं म्हणायचं?

आणि पुढचं तर क्रूर आहे. गोडेलने दाखवलं की संचसिद्धान्ताचे नेहमीचे नियम धरले तर कँटोरचं म्हणणं खोटं ठरवता येत नाही. १९६३ मध्ये पॉल कोहेनने दाखवलं की खरंही ठरवता येत नाही. ज्याच्यामागे तो आयुष्यभर धावला त्याला त्या नियमांत उत्तरच नव्हतं. मला तरी फॉरवर्डमध्ये थोडं तथ्य वाटतं.

तिसरा कंस

तुमचा मुद्दा या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार आहे. पण आजारातून उठतोय, अर्धवट उत्साहात आहे, तेव्हा माणूस हाताशी जे असेल त्यावर झडप घालणार. कँटोरच्या हाताशी हा प्रश्न होता. नंतर त्याच जोराने त्याने शेक्सपियरची नाटकं खरी फ्रान्सिस बेकनने लिहिली हे सिद्ध करायला घेतलं, १८९६-९७ मध्ये स्वखर्चाने पुस्तिका काढल्या. बेकनने वेड लावलं असं कोणी म्हणत नाही.

आणि तोच प्रश्न सोडवणारा कोहेन? १९६६ मध्ये फील्ड्स पदक (गणितातला मोठा सन्मान), स्टॅनफर्डला प्राध्यापकी, ७२ व्या वर्षी २००७ मध्ये गेला. गणितज्ञ हिल्बर्टने १९०० मध्ये पॅरिसला न सुटलेल्या प्रश्नांच्या आपल्या यादीत हा प्रश्न पहिला ठेवला होता. तोही ८१ वर्षं जगला.

उलटा प्रश्न

कोहेनला उत्तर मिळालं, कँटोरला नाही. फरक आहे.

तिसरा कंस

फरक आहे. सोडत नाही तुम्ही!

सत्यान्वेषी

पूर्णमदः पूर्णमिदम्. पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं. आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी सांगितलेलं पाश्चात्त्यांनी १८७४ ला "शोधलं". आणि आपले ऋषी काही वेडे झाले नाहीत, कारण अधिकार होता!

काटेकोर

आले. शांतिमंत्र सुंदर आहे, पण त्यात दोन अनंतांची तुलना नाही. तुलनेसाठी जैन ग्रंथांकडे जा, तिथे संख्यात, असंख्यात, अनंत आणि त्यांचेही पोटभेद आहेत. सगळी अनंतं सारखी नसतात ही कल्पना तिथे नक्की आहे. एकास एक जोडीची सिद्धता मात्र नाही. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात.

खवचट काकू

सत्यान्वेषी, आपल्याकडेही गणित्याच्या घरावर कथा रचायची हौस कमी नाही हो. भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं, आणि सांगितलं की तिच्यात कितीही मिळवा की वजा करा, ती तशीच राहते, प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी अनंत अच्युतात जीव शिरले-निघाले तरी तो बदलत नाही तशी. किती देखणा श्लोक! पण लोकांना काय आठवतं? लीलावतीचं लग्न, घटिकापात्रात पडलेला मोती आणि हुकलेला मुहूर्त. ती गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाहीच. १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून ती पसरली. चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे, त्यात मठ आहे, दान आहे, घराण्याची विद्या आहे. मोती नाही.

तेव्हा कँटोरला जर्मन लीलावती समजा आणि पुढे चला.

लायपझिगकर

आमच्या इथून हाले लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर. गावाचा मान संगीतकार हेंडेलला, चौकात पुतळा त्याचाच. कँटोरचं घर ज्या रस्त्यावर होतं त्याचंही नाव हेंडेलचंच. स्वतः व्हायोलिन सोडलेल्या माणसाचा पत्ता असा असावा!

त्या व्हायोलिनवरून. त्याचा धाकटा मुलगा रुडॉल्फ, वाजवण्यात हुशार, डिसेंबर १८९९ मध्ये अचानक गेला. तेरा वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस होते. त्या दिवशी बाप इथे लायपझिगला होता, बेकन-शेक्सपियरवर व्याख्यान द्यायला. त्याच शरद ऋतूत त्याने सरकारला अर्ज केला होता की प्राध्यापकीतून मोकळं करा, कुठल्याशा ग्रंथालयात काम द्या. मुलगा गेल्यावर गणितज्ञ फेलिक्स क्लाइनला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की आपण संगीत सोडून गणिताकडे कशाला वळलो हेच आता आठवत नाही. मला तर सगळ्या प्रमेयांपेक्षा हे पत्र जास्त लागलं.

खवचट काकू

आणि वॅली? सहा बाळंतपणं, वर नवरा असा. या सगळ्या चरित्रांत ती पानाआड असते. १९१७ च्या जूनमध्ये त्याला पुन्हा इस्पितळात ठेवलं. महायुद्धाचे दिवस, अन्नाची टंचाई, आणि तो तिला पत्रं लिहितोय की घरी घेऊन चल. तिने काय उत्तरं दिली असतील?

गोडेलचंही तेच. बायको आडेल त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, कॅबरेत नाचणारी, घरच्यांना नापसंत. अन्नात विष घातलंय असं त्याला वाटायचं, म्हणून तिच्या हातचंच खायचा. १९७७ मध्ये ती स्वतःच इस्पितळात पडली. इकडे हा जेवेना. १४ जानेवारी १९७८ ला प्रिन्स्टनला गेला, वजन जेमतेम तीस किलो. सगळे म्हणतात तर्काने घात केला. मी म्हणते, इतकी वर्षं एका बाईने त्याला जगवला होता.

नाडीपरीक्षा

काकू, हा प्रतिसाद मी आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे. एक भर: गोडेलची १९३६ ची मोठी पडझड व्हिएन्नातल्या तत्त्वज्ञ मॉरिट्झ श्लिकच्या खुनानंतरची. विद्यापीठाच्या जिन्यात एका माजी विद्यार्थ्याने त्याला गोळ्या घातल्या होत्या.

गोदातीर

मग अनंतवाल्यांची यादी करायचीच तर नीट करा. फेलिक्स हाउसडॉर्फ, संचसिद्धान्तावरचं पहिलं मोठं पाठ्यपुस्तक ज्याचं, टोपणनावाने साहित्यही लिहायचा. बॉनला प्राध्यापक, ज्यू. छावणीत नेण्याचा हुकूम आल्यावर जानेवारी १९४२ मध्ये त्याने, बायकोने आणि मेहुणीने एकत्र विष घेतलं. मॉस्कोत येगोरोव्ह, लुझिन आणि फ्लोरेन्स्की. येगोरोव्ह धर्मश्रद्धेपायी अटकेत गेला आणि १९३१ मध्ये कझानला वारला. फ्लोरेन्स्कीला १९३७ मध्ये गोळ्या घातल्या. लुझिनवर १९३६ मध्ये जाहीर चौकशी बसवली, त्याचेच काही विद्यार्थी विरोधात उभे राहिले. यांच्यावर फॉरवर्ड नाही, कारण मारेकऱ्यांची नावं घ्यावी लागतील.

सत्यान्वेषी

निदान चर्चकडून तरी छळ झाला असेल ना कँटोरचा? अनंत म्हणजे देव, त्याचे तुकडे पाडले म्हणून?

आडवी रेघ

नाही, तिथे उलटच झालं. गणितवाले ऐकेनात तेव्हा तो धर्मपंडितांकडे गेला. १८८६ मध्ये रोमच्या कार्डिनल फ्रान्झेलिनशी पत्रव्यवहार झाला. कार्डिनलना आधी सर्वेश्वरवादाचा (सृष्टी म्हणजेच देव या मताचा) वास आला. कँटोरने खुलासा केला की माझी अनंतं निर्माण झालेल्या सृष्टीतली आहेत, परमेश्वराचं निरपेक्ष अनंत याहून वेगळं. कार्डिनलनी एवढ्यावर हरकत मागे घेतली. गाडी अडली ती मित्ताग-लेफ्लरकडे. तो कँटोरचा पाठीराखा, त्याच्याच नियतकालिकात लेख यायचे. १८८५ मध्ये त्याने एक निबंध मागे घ्यायला सुचवलं, हा शंभर वर्षं आधी लिहिला गेलाय म्हणून. कँटोर चिडून म्हणाला, म्हणजे मी १९८४ पर्यंत थांबू?

काटेकोर

कँटोरलाही देव्हाऱ्यात बसवू नका. १८७३ च्या पत्रांत बैजिक संख्यांची यादी करता येते याची सिद्धता डेडेकिंडने पाठवली होती. छापील निबंधात ती जवळपास शब्दशः आहे आणि डेडेकिंडचं नाव नाही. डेडेकिंडने ओरड केली नाही, स्वतःसाठी एक टिपण लिहून ठेवलं. मग १८८१ मध्ये हालेला जागा रिकामी झाली, कँटोरने डेडेकिंडला बोलावलं, तो आला नाही. पत्रं थांबली ती जवळपास सतरा वर्षं. हा सगळा व्यवहार जगाला कळला १९३७ मध्ये, एमी नोएथर आणि झाँ काव्हाएस यांनी जमवलेली पत्रं छापली गेली तेव्हा. नोएथर त्याआधीच गेली होती. काव्हाएसला पुढे नाझींनी गोळ्या घातल्या.

लायपझिगकर

डेडेकिंडची बाजू मला आवडते. १८६२ मध्ये जन्मगावी ब्राउनश्वाइगला परतला तो तिथेच राहिला, मोठ्या विद्यापीठांच्या मागे लागला नाही, लग्न केलं नाही, लेखिका असलेल्या बहिणीबरोबर राहिला. "अनंत संच म्हणजे जो स्वतःच्याच एका भागाशी एकास एक जुळतो तो" ही व्याख्या त्याची. अनंताच्या अगदी मुळाशी बसलेला माणूस, ८४ वर्षं जगला आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत.

गणितज्ञांच्या एका दिनदर्शिकेत त्याच्या मृत्यूची तारीख छापून आली: ४ सप्टेंबर १८९९. डेडेकिंडने संपादकांना कळवलं की दिवस आणि महिना बरोबर ठरेलही, वर्ष मात्र चुकलं आहे. आपल्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी आपली तब्येत उत्तम होती, आणि दुपारचं जेवण करून हालेहून आलेले मित्र गेओर्ग कँटोर यांच्याशी गप्पा मारण्यात दिवस मजेत गेला.